नंबरामागचं आडनाव

(कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथे मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'उद्याचा मोबाईल'. या विषयावर बोलणारा माणूस काय सांगतो ते तुम्हाला पाठ आहे. फोन कागदासारखा घडी होणार, चष्म्यातच स्क्रीन येणार, बॅटरी आठवडाभर चालणार. यातलं काही झालंय, काही होईल. पण ही सगळी भाकितं वस्तूबद्दल असतात. फोन कोण करतंय, तो कोण उचलतंय आणि उचलण्याआधी त्याला काय दिसतंय, यावर कोणी बोलत नाही. मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

आपण बसलोय तो कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे जुना कर्झन रोड. याच रस्त्यावर नवीन महाराष्ट्र सदन आहे. आणि इथून फार लांब नाही, अशोक रोडवर, संचार भवन आहे. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी संचार भवनात बसलेल्या दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे हे श्रीमंतांचं खेळणं आहे असंच सगळ्यांना वाटलं. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या कमरेला एक दिवस मोबाईल असेल, हे भाकीत तेव्हा कोणी केलं नव्हतं.

त्याच्या आधीचं तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नोकरीच्या अर्जात फोन नंबरापुढे आपण 'पी.पी.' लिहायचो. म्हणजे फोन शेजारच्याचा, निरोप आमचा. गावात फोन असायचा पाटलाकडे, नाहीतर किराणा दुकानदाराकडे. मुंबईहून पोराचा फोन आला की कोणीतरी वस्तीवर हाक मारायला जायचं. मग आई धावत यायची आणि ओसरीच्या खाली उभी राहायची. रिसीव्हर हातात मिळेलच असं नव्हतं. कधी नुसता निरोपच मिळायचा, तोही घरातल्या चार माणसांनी ऐकून झाल्यावर. नंतर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. तिथे पैसे टाकले की काम व्हायचं, कोणाच्या दारात उभं राहायला लागायचं नाही. बूथ आला त्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी अर्धी लढाई जिंकली होती, असं मी म्हणतो.

आणि मग मोबाईल आला. त्याचं खरं मोठेपण काय? दहा आकडे. त्या दहा आकड्यांत गाव नाही, गल्ली नाही, बाप नाही, आडनाव नाही. ९८ ने सुरू होणारा नंबर ब्राह्मणाचा आणि ७० ने सुरू होणारा आपला, असं काही नाही. या देशात माणसाला मिळालेल्या ओळखींपैकी जिच्यावर जात लिहिलेली नाही, अशी कदाचित ही पहिलीच ओळख. समोरचा फोन उचलतो, 'हॅलो' म्हणतो, आणि बोलणं सुरू होऊन जातं. नाव नंतर येतं. ही मधली जागा लहान आहे, पण आपल्यातल्या कित्येकांना पहिली नोकरी, पहिली खोली, पहिलं गिऱ्हाईक तिथेच मिळालंय.

ही जागा किती महत्त्वाची आहे ते बाबासाहेबांच्या बडोद्याच्या अनुभवावरून कळतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुम्ही वाचलं असेल, नसेल तर वाचा. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानात नोकरीला जातो आणि त्याला राहायला खोली मिळत नाही. एका पारशी धर्मशाळेत तो पारशी नाव सांगून राहतो, वहीत तसं लिहिलं जातं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला घोळका येतो आणि त्याला बाहेर काढतो. शिक्षण तेच, पगार तोच, माणूस तोच. नाव कळलं, एवढाच फरक.

कोणी म्हणेल ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मग याच दिल्लीतली सांगतो. अमरावतीकडचे आपले सुखदेव थोरात सर, यूजीसीचे माजी अध्यक्ष, यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. दिल्ली, गुडगाव, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद. भाड्याच्या घराच्या जाहिराती बघून फोन केले गेले. पगार, शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. सवर्ण नावाला जवळपास सगळीकडे होकार. दलित नावाला सुमारे १८ टक्के ठिकाणी सरळ नकार, मुस्लीम नावाला सुमारे ३१ टक्के. होकार आला तिथेही कितीतरी वेळा अटी होत्या. लक्षात घ्या, हा नकार माणूस बघून दिलेला नाही. फोनवर नाव ऐकून दिलेला आहे.

आता उद्याचा फोन. त्याचं एक नाव आहे, सीएनएपी. म्हणजे फोन वाजताना नंबरासोबत करणाऱ्याचं नाव दिसणं. सिम घेताना आपण जो अर्ज भरतो, आधार दाखवतो, त्यातलं नाव. ट्रायने यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये मतं मागवली, फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली की ज्याने मागितली त्याला ही सेवा द्यावी. दूरसंचार विभागाने म्हटलं, मागायची वाट कशाला बघायची, सगळ्यांनाच सुरू करू. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने ते मान्य केलं. कंपन्यांच्या चाचण्याही झाल्या आहेत. म्हणजे हे भाकीतसुद्धा राहिलेलं नाही, दाराशी आलेलं आहे. आणि घडी होणाऱ्या फोनपेक्षा याने आपलं आयुष्य जास्त बदलणार आहे.

नको असेल तर फोन घेणाऱ्याला ही सेवा बंद करता येते. करणाऱ्याला आपलं नाव झाकायचं असेल तर सीएलआयआर नावाची सोय आहे, पण ती सरसकट तुम्हाआम्हाला मिळत नाही, तपासणी करून मोजक्या लोकांना मिळते. मोठ्या माणसाला पडदा आणि खोली शोधणाऱ्या पोराला उजेड, असा हा प्रकार.

हे कशासाठी आणलं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फसवणूक प्रचंड वाढली आहे. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते. शिष्यवृत्ती जमा करतो, ओटीपी सांगा, असे फोन आपल्याच पोरांना येतात. बायकांना रात्री-अपरात्री घाण बोलणारे आहेत. त्यामुळे 'नाव दाखवूच नका' असं मी म्हणत नाही. बँकेचं, कंपनीचं, सरकारी कचेरीचं नाव दिसलंच पाहिजे, पूर्ण दिसलं पाहिजे. बँकांसाठी १६०० ने सुरू होणारे वेगळे नंबर केलेच आहेत, ते चांगलं काम आहे. प्रश्न व्यक्तीचा आहे. व्यक्तीच्या बाबतीत हा नंबर खरा आहे, तपासलेला आहे, एवढी खूण पुरेशी का नाही? नाव दाखवायचंच तर पहिलं नाव का पुरत नाही? 'प्रशांत' दिसलं तर फसवणूक थांबणार नाही आणि 'प्रशांत अमुक' दिसलं तर थांबेल, हे मला कोणी समजावून सांगावं. दुसऱ्याच्या कागदांवर सिम काढणाऱ्या चोराचं आडनाव तर तसंही खोटंच असणार.

महाराष्ट्रात आडनावावरून नेहमी जात कळत नाही, हे खरं. जाधव, गायकवाड, पवार, वानखेडे कितीतरी जातींत आहेत. म्हणून तर आपल्याकडे पुढचा प्रश्न येतो, 'गाव कुठलं?' आणि त्यानंतरचा, 'गावात कुठे?' दिल्लीतला घरमालक 'वानखेडे' ऐकून थोडा वेळ गोंधळतो आणि म्हणतो, स्टेडियमवाले? (हसू नका, यावर लोकांना खोल्या मिळाल्यात.) पण तो गोंधळ किती दिवस टिकेल? आज कुठलंही आडनाव शोधायला घेतलं की पुढे 'कास्ट' हा शब्द सर्च इंजिन आपणहून सुचवतं. लोकांनी इतक्या वेळा विचारलंय की यंत्राला पाठ झालंय.

यापुढचं मात्र माझं भाकीत आहे, माझ्या जबाबदारीवर. अनोळखी फोन आला तर यंत्रच उचलतं, कोण, कशासाठी ते विचारतं आणि मालकाला कळवतं, अशी सोय काही फोनमध्ये आली आहे. ती स्वस्त फोनमध्येही येईल. मग यंत्र मालकाकडून शिकेल. हा मालक कोणत्या नावांचे फोन घेतो, कोणते टाळतो, कोणाला परत फोन करतो. त्याला जात हा शब्द कोणी शिकवायची गरज नाही. दोनशे वेळा टाळलेली नावं पुरेशी आहेत. थोरात सरांच्या अभ्यासात निदान नकार ऐकू आला, मोजता आला. उद्या फोन वाजणारच नाही. घरमालक म्हणेल, मी कुठे नाही म्हटलं, मला तर फोनच आला नाही. आणि ते खरं असेल. ॲट्रॉसिटीची तक्रार कोणावर करणार, हँडसेटवर?

आता आपल्यातले काही म्हणतील, लपवायचं कशाला? छातीठोक सांगू. जरूर सांगा. माझ्या फोनची रिंगटोन भीमगीताची आहे. पण मे २०१५ मध्ये शिर्डीत काय झालं ते विसरू नका. नर्सिंग शिकणारा दलित तरुण बिअरच्या दुकानात बसला होता, फोन वाजला, बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन होती, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन मारून टाकलं, अशी ती तक्रार होती. त्या पोराने ते गाणं स्वतः निवडलं होतं. त्याच्या निवडीचा मी आदर करतो. पण ओळख सांगणं हा माझा हक्क आहे. ती माझ्या आधी माझ्या सिमने सांगणं हा माझा हक्क नाही, तो दुसऱ्या कोणाचा तरी माझ्यावरचा हक्क आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, तो हाच.

कायद्यातली एक गोष्ट आपल्या चळवळीत फारशी बोलली गेली नाही. २०१८ चा श्रीकृष्ण समितीचा मसुदा आणि २०१९ चं विधेयक, दोन्हींत 'संवेदनशील' माहितीची यादी होती आणि त्या यादीत जात-जमात होती. २०२३ मध्ये जो डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात ही यादीच नाही. आपली जात आणि आपला पिनकोड कायद्याच्या नजरेत सारखेच झाले. आरक्षणाच्या प्रश्नावर आपण रस्त्यावर येतो, यावर एक निवेदनसुद्धा निघालं नाही.

बायकांचं वेगळं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या फक्त ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. त्यातलीही कितीतरी सिम नवऱ्याच्या, भावाच्या, दिराच्या नावावर असतात. तशी बाई फोन करेल तेव्हा नाव नवऱ्याचं दिसेल. नवऱ्याची तक्रार करायला एखाद्या कार्यकर्तीला फोन केला तरी तिच्या स्क्रीनवर नवराच. तसंच बिगारी कामगारांचं. मुकादमाने घेऊन दिलेलं सिम, नाव मुकादमाचं.

म्हणून दोन कामं. ट्राय मतं मागवतं तेव्हा कंपन्यांची पानंच्या पानं जातात, आपल्या संघटनांचं एक पान जात नाही. पुढच्या वेळी आपलं गेलं पाहिजे, त्यात मागणी साधी: व्यक्तीचं आडनाव दाखवू नका, आणि नाव झाकण्याची सोय मागेल त्याला द्या. इंग्रजी चांगलं असलेली चार पोरं आज इथे बसलीत, त्यांनी जाताना मला भेटा.

दुसरं, 'संचार साथी' म्हणून सरकारचं पोर्टल आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथे कळतं. आज रात्री स्वतःचं बघा. आणि घरी फोन करून आईला विचारा, तिच्या हातातलं सिम कोणाच्या नावावर आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला ताई.