न विचारता दिलेलं मत

(वसंत व्याख्यानमाला, जामसंडे)



१९४९ चा दारूबंदी कायदा, बीअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट, देशीचं दुकान, वाइन शॉप, परमिट रूम, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. महामार्गाचा निकालही आठवत असेल. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. पुढे मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला ते २२० मीटर केलं. मग टेप घेऊन अंतरं मोजली गेली. मला बोलायचंय ते बायका कशा मोजल्या जातात त्याबद्दल.

२००८ चा शासनाचा आदेश आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. (मागून कुणीतरी काही म्हणतं, हशा.) हसा, पण पुढचं ऐका. बाटली आडवी व्हायला निम्म्याहून जास्त बायका लागतात, आणि हे निम्मं धरतात यादीतल्या एकूण नावांवर. आलेल्या मतांवर नाही.

शेजारच्या एका गावात सह्या गोळा करताना मी बरोबर होतो. ओटीवर कंदील लावून यादी वाचायला बसलो. मी नाव वाचायचो, बायका सांगायच्या, मी पेन्सिलीने लिहायचो. मुंबई. मुंबई. वारली. नालासोपारा. लग्न होऊन कणकवलीला. मुंबई. एका घरातली चार नावं, चारही डोंबिवलीला. चहा दोनदा झाला, यादी संपेना. खांबाला टेकून बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तरांनू, माझी सून परळाक आसा. तिचा मत खंय जाताला?" मी म्हटलं, आजी, ती आली नाही तर बाटली उभी राहायलाच मदत होते. आजी म्हणाल्या, "तिका न इचारताच?"

मी तीस वर्षं गणित शिकवलं. त्या तीन शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळ्यावर मांडून दाखवतो. समजा, यादीत ४०० बायका. दीडशे मुंबईला. राहिल्या अडीचशे. बाटली आडवी करायला २०१ हव्यात. म्हणजे गावात असलेल्या पाचांतल्या चार बायकांनी, मजुरी बुडवून, नवऱ्याचा डोळा चुकवून, एका दिवशी रांगेत उभं राहायचं. दुकानदाराने काही करायचं नाही. आपल्याकडे सरपंच, आमदार, खासदार आलेल्या मतांवर निवडून येतात. हा हिशेब बाईच्याच वाट्याला का?

पुढच्या रांगेतून मान हलतेय. "बंद केली तर गोव्याची येईल," असंच ना? येते. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या पकडल्याच्या बातम्या मीही वाचतो. चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, तेही मला माहीत आहे. मी जिल्हाबंदी मागतच नाहीये! चोरून आलेली बाटली ही पोलिसांची बाब आहे. पण एस.टी.च्या थांब्यासमोरचं दुकान सरकारच्या सहीने उघडतं, आणि त्या थांब्यावर संध्याकाळी मुलगी एकटी उभी असते. त्या सहीबद्दल तिच्या आईला विचारा, आणि जी उत्तर देईल तिचंच उत्तर मोजा. (टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर माडावरचा कर चढला आणि माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या हातचा कोयता कसा सुटला, त्याची टिपणं आणली होती. ती राहू देत.

दोनच मागण्या आहेत. मोजणी पडलेल्या मतांवर करा. आणि तोवर मतदान मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवा, जेव्हा परळची सून गावात असते. अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. शेजारी आपल्या प्रभागाच्या यादीची झेरॉक्स आहे, पेन्सिल बांधलेली आहे. जाताना आपल्या घरातल्या बायकांची नावं शोधा आणि प्रत्येकीच्या पुढे ती आज कुठे आहे, ते लिहा.