ब्रँच जास्त दिवस ठेवू नका

आजचा विषय आहे गिटमधल्या ब्रँचेस. बोलतोय नालासोपारा पूर्वेच्या एका भाड्याच्या खोलीतून. इथे आम्ही तिघं मिळून दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप बनवतो.

मागच्या पावसाळ्यात जीएसटीचं काम मी वेगळ्या ब्रँचवर घेतलं. "पूर्ण झालं की मर्ज करू" म्हणत तीन आठवडे तिथेच बसलो. मर्ज करताना ढीगभर कॉन्फ्लिक्ट! रात्रभर जागून सोडवले. सकाळी दुकानदाराचा फोन आला, "अरे, कर दोनदा लागतोय!"

झालं काय होतं? दोघांनी त्याच ओळी बदलल्या की गिट थांबतं आणि विचारतं, कोणाचं ठेवू? पण ओळी वेगळ्या असल्या तर गुपचूप जोडून टाकतं. कर मी एका फाइलमध्ये लावला होता, मित्राने मेनवर दुसऱ्या फाइलमध्ये. गिटला कोड जोडता येतो, हिशेब कळत नाही.

आपल्याला नालासोपाऱ्याला उतरायचं असलं की आपण काय करतो? वसई गेली की दाराकडे सरकायला लागतो. गाडी थांबल्यावर उठलात तर थेट विरार! मर्जचंही तसंच आहे. रोज थोडं सरकायचं.

आता आमचे नियम ऐका. मेन कायम चालू स्थितीत हवी. प्रत्येक छोट्या कामाला मेनवरून नवी ब्रँच, आयुष्य जास्तीत जास्त दोन दिवस. रोज सकाळी मेनमधले बदल आपल्या ब्रँचमध्ये घ्यायचे. मग पुल रिक्वेस्ट, दुसऱ्याची नजर, टेस्ट पास, मर्ज आणि ब्रँच डिलीट. काम अर्धवट असेल तर ते सेटिंगमधून बंद ठेवून मर्ज करायचं.

तुम्ही म्हणाल, गिट फ्लोचं काय? डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा ब्रँचेसची ती पद्धत व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी 2010 मध्ये मांडली. 2020 मध्ये त्यांनीच त्यावर टीप जोडली: वेब ॲप सतत अपडेट होत असेल तर साधी पद्धत घ्या. एकाच वेळी जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळायच्या असतील, तर मात्र गिट फ्लो अजून उपयोगी आहे.

आज एक काम करा. तुमच्या टीममधली सगळ्यात जुनी ब्रँच शोधा आणि ती कोणाची आहे, ते विचारा. बहुतेक तो माणूस मर्ज करायला घाबरतोय. त्याला ओरडू नका, शेजारी बसा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!