जुन्या चाळी, वृद्ध भाडेकरू आणि पुनर्विकास
(सुवर्ण महोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा तिचे पहिले सभासदही वयोवृद्ध झालेले असतात. त्यांपैकी अनेकांचे आयुष्य गिरगाव, भुलेश्वर, लालबाग, परळ येथील चाळींत गेले. माणसांबरोबर त्या वास्तूही थकल्या. त्यांचा पुनर्विकास होताना अल्प उत्पन्नाच्या वृद्धाचे हित कशात आहे, एवढाच विषय मी आज मांडणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्यामुळे गरीब भाडेकरूला निवारा राहिला; पण तुटपुंज्या भाड्यात मालकाने दुरुस्ती सोडून दिली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, उपकर सुरू झाला आणि शहरातील १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. टेकूंवर इमारत किती काळ उभी राहणार? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी गेला. म्हणून पुनर्विकास हवाच, याविषयी दुमत नसावे.

प्रश्न आहे तो कसा व्हावा, हा. ३३(७) या नियमाखाली ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीने पुनर्विकास करता येतो आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते. आपल्या बैठकांतून चर्चा होते ती या चौरस फुटांची. माझे नम्र प्रतिपादन असे की, वृद्धाच्या दृष्टीने चौरस फुटांपेक्षा वर्षे अधिक मोलाची आहेत. चाळिशीतला माणूस दहा वर्षे थांबू शकतो. पंचाहत्तरीतल्या आजींना ती मुभा नाही.

गोरेगावच्या पत्राचाळीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ६७२ कुटुंबांच्या या वसाहतीचा करार २००८ मध्ये झाला. घरे पाडली गेली, पुढे भाडे थांबले, काम रखडले आणि नव्या घरांसाठी २०२५ साल उजाडले. करारावर सही करताना जो गृहस्थ पासष्ट वर्षांचा होता, तो तोपर्यंत ब्याऐंशी वर्षांचा झाला. वरळीच्या बीडीडी चाळींत शासनच पुढे होते. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, ही योजना निश्चितच स्वागतार्ह. तरीही २०१७ च्या भूमिपूजनानंतर पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळण्यास ऑगस्ट २०२५ यावा लागला. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी संक्रमण काळातील घर कोठे, किती वर्षांसाठी आणि भाडे थकल्यास हमी कोणाची, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ते घर मंदिर, डॉक्टर आणि भाजीबाजार यांपासून पायी जाण्याजोगे असावे. ज्याचे चालणे तेवढेच उरले आहे, त्याला उपनगरात दूर नेऊन ठेवणे म्हणजे त्याला घरात कोंडणे होय.

येथे भेंडी बाजाराकडे पुन्हा पाहावे लागते. तेथे दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने २००९ पासून सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास हाती घेतला आणि रहिवाशांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय न्यासानेच केली. एखादा समाज आपल्या लोकांच्या घरांची जबाबदारी घेऊ शकतो, हे त्यातून दिसते. मात्र हुसैनी इमारतही याच प्रकल्पात होती. काही कुटुंबे आधीच हलली होती. जी राहिली होती, त्यांच्यावर काळ कोसळला. दिरंगाईचे मोल असे मोजावे लागते.

दुसरा मुद्दा मासिक खर्चाचा. चाळीत नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या वृद्धाला नव्या इमारतीत उद्वाहन, पाण्याचा पंप, पहारा आणि मालमत्ता कर यांचा भार येतो. समजा, महिना तीन हजार रुपये खर्च आला, तर वर्षाचे छत्तीस हजार झाले. सहा टक्के व्याजाने तेवढी रक्कम मिळण्यासाठी सहा लाखांची ठेव लागते. म्हणून विकासकाकडून मिळणारा कायम निधी लग्नकार्यात वा मुलांच्या व्यवसायात न घालता वृद्धाच्या नावे ठेवावा. अन्यथा घर मिळते आणि खर्च न पेलल्याने ते विकावे लागते.

तिसरा मुद्दा कागदपत्रांचा. अनेक ठिकाणी भाडेपावती आजही दिवंगत पतीच्या वा सासऱ्यांच्या नावे आहे. १९९९ च्या कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. पण पात्र भाडेकरूंची यादी होण्यापूर्वी तो नोंदवून घ्यावा लागतो. ऐनवेळी भावाभावांत वाद उभा राहिला, तर सर्वांत आधी विधवा मातेचे घर अडते.

घराच्या आत खर्च थोडाच आहे. न घसरणारी फरशी, शौचालयात आधाराची दांडी, उंबरठ्याविना दार आणि चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंदी, या बाबी नकाशा मंजूर होण्यापूर्वी सांगितल्या तर सहज होतात. तसेच चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्याची हाक ऐकू येत असे. नव्या इमारतीत ज्येष्ठांसाठी खालच्या मजल्यांवर शेजारीशेजारी घरे आणि बसण्यास एक सामायिक खोली मिळाली, तर ती हाक काही अंशी टिकेल.

या सुवर्ण महोत्सवी वर्षात आपल्या संस्थेने तीन कामे करावीत, अशी माझी विनंती आहे. समाजातील वकील, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी आठवड्यातून एक सायंकाळ वृद्धांचे करारनामे वाचून द्यावेत. भाडेपावती, शिधापत्रिका आणि वारसनोंद यांसाठी शिबिर भरवावे. तसेच विकासकाचे भाडे थकल्यास ते येईपर्यंत बिनव्याजी उसनवार देणारा छोटा निधी उभारावा. साधर्मिक वात्सल्य आपण जेवणाच्या पंगतीत पाळतोच. ज्याला रात्री डोक्यावर छत राहील की नाही याची धास्ती आहे, त्याच्या दारीही ते पोहोचावे.