वाफेची ताकद आणि प्रयोगशाळेची शिस्त

(संस्थेच्या प्रयोगशाळा सहाय्यक व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली अनेक मुले-मुली आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रुग्णालयांत आणि औषधांच्या कारखान्यांत नोकरीस लागत आहेत. तेथे ज्या यंत्राशी त्यांचा रोजचा संबंध येतो, ते म्हणजे ऑटोक्लेव्ह. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज मला परवानगी असावी.

घरातला प्रेशर कुकर ज्याने पाहिला, त्याला हे यंत्र निम्मे समजले. दोघांचा पूर्वज एकच. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने 1679 साली हाडे मऊ शिजवणारे बंद भांडे तयार केले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबर्लां यांनी त्याच तत्त्वावर जंतू मारणारे यंत्र बनवले. उघड्या भांड्यातले पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. चौरस इंचास 15 पौंड जादा दाब दिला की वाफ 121 अंशांपर्यंत तापते. ही वाफ थंड वस्तूवर बसून पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. म्हणूनच कोरड्या हवेला 160 अंशांवर दोन तास लागतात, ते काम वाफ पंधरा-वीस मिनिटांत करते.

एवढ्या उष्णतेची गरज काय, असे कोणी विचारील. धनुर्वातासारख्या रोगांचे जंतू मातीत बीजाणूंच्या रूपाने राहतात आणि साध्या उकळण्याला ते दाद देत नाहीत. याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. डॉ. हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार केली व प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसरे आगाखान यांनी लोकांची भीती जावी म्हणून जाहीरपणे ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. पण 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुराव्यातून दिसून आले. एक चिमटा आणि 19 जीव! प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने हा हिशेब कायम ध्यानात ठेवावा.

आता वापराकडे वळू. प्रथम तळाशी पाणी खुणेपर्यंत आहे का ते पाहावे, झाकणाची रबरी कडी चिरलेली नाही ना, हेही पाहावे. सामान दाटीवाटीने भरू नये. वाफेला फिरायला जागा हवी. बाटल्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नयेत आणि त्यांची झाकणे सैल ठेवावीत. स्पिरिटसारखे पेट घेणारे द्रव किंवा ब्लीचिंगचे द्रावण आत कधीही ठेवू नये.

आच दिल्यावर झडप उघडी ठेवून आतली हवा पूर्ण जाऊ द्यावी. वाफेचा अखंड झोत सुरू झाला की मगच ती बंद करावी. ही घाई फार महागात पडते. निम्मी हवा आत राहिली तर काटा 15 पौंडच दाखवील, पण उष्णता 112 अंशांच्या आसपासच राहील. म्हणून दाबमापकाबरोबर तापमापकही पाहावा आणि 121 अंश गाठल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करावी. मोठ्या बाटल्यांना जास्त वेळ द्यावा.

काम झाल्यावर काटा शून्यावर येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. द्रव पदार्थ असतील तर वाफ एकदम सोडू नये, नाहीतर ते उसळून बाहेर येतात. झाकण उघडताना चेहरा दूर ठेवावा. जाड हातमोजे, चष्मा व एप्रन घालण्यात कमीपणा कसला? सुरक्षा झडपेला तार बांधणे किंवा वजन लावणे म्हणजे तर मृत्यूला आमंत्रण होय.

खुणेच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले असे नव्हे. उष्णता लागली, एवढेच ती सांगते. खरी परीक्षा बीजाणूंच्या कुपीची. ती नियमित करावी आणि तारीख, वेळ, उष्णता वहीत लिहून खाली सही करावी.

वजू करताना नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी वजू पुरा होत नाही, हे आपल्या मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. निर्जंतुकीकरणाचेही तसेच आहे. 'जवळजवळ निर्जंतुक' अशी वस्तू जगात नाही. ज्या रुग्णाला आपण कधी पाहणारही नाही, त्याचा जीव आपल्या हातची अमानत आहे. ती सांभाळण्याची शिस्त अल्लाह आपल्या मुलांना देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.