उधारीची भीती: ‘रॉकेट अटॅक यू.एस.ए.’

आजचा सिनेमा वाईट आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘रॉकेट अटॅक यू.एस.ए.’. कृष्णधवल, तासाभराहून थोडा मोठा, दिग्दर्शक बॅरी महॉन.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. जेमतेम ८४ किलोंचा गोळा, पण अमेरिकेची झोप उडाली. कारण उघड होतं. जे रॉकेट गोळा वर नेतं, तेच बाँबही नेऊ शकतं. डिसेंबरात अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट उड्डाणतळावरच पेटलं आणि घबराट आणखी वाढली. या घबराटीवर महॉननी सिनेमा उभा केला.

कथा अशी. अमेरिकी हेर मॉस्कोला जातो. तिथली तान्या नावाची बाई रशियाच्या संरक्षणमंत्र्याच्या मर्जीतली, म्हणजे बातमी थेट आतली. हल्ला होणार हे कळतं, क्षेपणास्त्र उडवून द्यायचा बेत ठरतो, तो फसतो आणि न्यूयॉर्क बेचिराख होतं.

वाचताना थरार वाटतो ना? पडद्यावर मात्र माणसं खोलीत बसून बोलत राहतात. मॉस्को म्हणजे दोन-चार भिंती आणि एक नाइटक्लब. तिथला नाच इतका लांबतो की हेर कशासाठी आलाय हेच आपण विसरतो. पैसे नव्हते हो, दुसरं काय! मग रॉकेटं, विमानं, लष्कर हे सगळं जुन्या सरकारी चित्रफितींमधून उचललेलं. आणि त्यावर निवेदकाचा भारदस्त आवाज. आपल्याकडे थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रं लागायची, ती ज्यांनी पाहिली त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. त्या आवाजाशी हुज्जत घालता येत नाही.

माझ्या मते या सिनेमात पाहण्यासारखं आहे ते हेच. चांगल्या, महागड्या राजकीय थरारपटातही हीच युक्ती असते. खरी चित्रं, त्यांना जोडलेली रचलेली गोष्ट आणि वर ठाम आवाज. तिथे शिवण दिसत नाही, इथे दोरे लोंबतायत. तुमच्या मोबाइलवर येणारा, कुठल्यातरी जुन्या दंगलीची दृश्यं ‘कालची’ म्हणून दाखवणारा व्हिडिओ आठवा. त्याचं बजेट तर याहूनही कमी असतं.

गंमत म्हणजे महॉन युद्धाला अनोळखी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होते, विमान पाडलं गेल्यावर जर्मनांच्या कैदेतही राहिले. इतकं पाहिलेल्या माणसाच्या सिनेमात युद्धाला वजनच नाही, हे मला अजून कोडं वाटतं. पुढे एरॉल फ्लिनचा शेवटचा सिनेमा, ‘क्यूबन रिबेल गर्ल्स’, तोही यांनीच केला. तोही काही भला नाही.

आता खरं काय होतं? रशिया क्षेपणास्त्रांत पुढे गेलाय, ही ओरड १९६० च्या निवडणुकीत केनेडींनी जोरात वापरली. त्याच वर्षी अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी रशियाचे फोटो आणायला सुरुवात केली. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. अमेरिकेपर्यंत पोचणारी रशियन क्षेपणास्त्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तफावत होती, पण ती अमेरिकेच्याच बाजूची. ते फोटो तेव्हा गुप्त राहिले. सिनेमा मात्र सगळ्यांसाठी खुला होता.

१९९० मध्ये ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने याची यथेच्छ टिंगल केली. हसू येतंच. पण शेवटाकडे एक अंध माणूस रस्त्यावर मदत मागत चाचपडतो, तेवढ्या जागी मी हसलो नाही. त्याचा अभिनय बेताचाच, चित्रणही ओबडधोबड. तरी पोटात कालवतं.

शेवटी पडद्यावर पाटी येते, हा शेवट आपण होऊ देता कामा नये, अशा अर्थाची. त्यातले ‘शेवट’ हे शब्द ठळक, म्हणजे सिनेमा संपल्याची पाटीही त्यातच उरकली. तेवढेच पैसे वाचले!