पाकविद्या आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्यांच्या यशाचा आनंद मलाही आहे. परंतु आज मला एका न आलेल्या विद्यार्थ्याविषयी बोलावयाचे आहे. गतवर्षी शिष्यवृत्ती समितीपुढे दहावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाचा अर्ज आला होता. त्याला पाककलेचे शिक्षण घ्यावयाचे होते. “आचारी होण्यासाठी शिष्यवृत्ती कशाला?” असा प्रश्न निघाला आणि अर्ज बाजूस पडला. त्या समितीत मीही होतो. मी गप्प राहिलो, ही गोष्ट कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

वस्तुतः ही विद्या आपल्या शिक्षणविचाराला परकी नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघरातील काम हा शिक्षणाचाच भाग होता. १९५४ साली श्रीमती लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत खानपानविद्येची संस्था निघाली. ती आज दादरला आहे. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच व्यवसायांचा परिचय करून देण्यास सांगितले आहे. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत अन्नोत्पादन हा विषय घेता येतो आणि दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याचा १ वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. दार उघडे आहे. आपली मनेच काय ती बंद आहेत.

या शिक्षणात भाजी-भाकरीपलीकडे काय आहे, असे कोणी विचारील. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानात फार वेळ राहिले, तर त्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंशांवर आणि थंड अन्न ५ अंशांखाली राखावे लागते. हे झाले शास्त्र. मटाराच्या १ किलो शेंगा सोलल्या तर दाणे जेमतेम निम्मे भरतात. म्हणजे दाण्यांचा खरा भाव शेंगांच्या भावाच्या दुप्पट धरला पाहिजे. हे न कळल्यामुळे उत्तम हाताची माणसेही खानावळीच्या धंद्यात बुडतात. हे झाले गणित. त्याखेरीज स्वच्छता, वेळेचे भान आणि दहा माणसांबरोबर मिळून काम करण्याची शिस्त ही निराळीच.

येथे आपल्या भगिनींचा एक आक्षेप मी ऐकला आहे. “आमच्या मुली शिकून चुलीपासून सुटल्या, त्यांना पुन्हा तिकडेच का ढकलता?” हा आक्षेप रास्त आहे. घरातील स्वयंपाकाला ना मोबदला मिळतो ना मान. म्हणूनच माझे म्हणणे असे की, हे शिक्षण मुलांना आणि मुलींना सारखेच द्यावे. १९५९ साली गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपयांच्या कर्जाऊ भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जतसारखा मोठा उद्योग उभा राहिला. तेच काम, परंतु हिशेब स्वतःच्या हाती आला, एवढाच फरक. आणि तो लहान नव्हे.

आणखी एक कटू गोष्ट बोलतो. आपल्या कार्यालयातील पंक्ती उठल्यावर, सर्वांच्या शेवटी, मागच्या पडवीत आचारी जेवतो. ज्याच्या हातचे आपण तृप्तीने जेवतो त्याला जोवर आपण असे वागवू, तोवर कोणता बाप आपल्या मुलास हा व्यवसाय आनंदाने घेऊ देईल?

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांत व्यवसायशिक्षणाचा स्पष्ट समावेश करावा आणि त्या मुलाचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. दुसरी, लग्नसराई सरली की आपल्या कार्यालयाचे मोठे स्वयंपाकघर बंदच असते. तेथे दिवाळीच्या सुटीत नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग चालवावा. तो केवळ आपल्या ज्ञातीपुरता ठेवू नये. अन्नाला जात नसते, असे आपण सभांतून म्हणतोच. ते एकदा करून दाखवू. वर्गाच्या समारोपाची पंगत विद्यार्थ्यांनी रांधावी, आपण वाढावी, आणि आपल्या आचाऱ्यांस पहिल्या पाटावर बसवावे.