डायनोवरचा आकडा आणि बुदनीचा अहवाल



आजचा विषय गॅरेजातला आहे आणि तो या सभागृहात आणण्याचं कारण सरळ आहे. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात ‘एचपी’ हा शब्द ज्या घरात उच्चारला जात नाही असं घर सापडायचं नाही. विहिरीवरची मोटर पाच एचपीची, ट्रॅक्टर पंचेचाळीस एचपीचा, आणि हल्ली घरातला मुलगा नागपूरहून गाडी ‘ट्यून’ करून आणतो तेव्हा तोही सांगतो की आधी एवढे एचपी होते, आता एवढे झाले. मोटरच्या एचपीवर विजेचं बिल ठरतं, ट्रॅक्टरच्या एचपीवर किंमत आणि कर्ज ठरतं. ज्या आकड्यावर एवढा पैसा हलतो तो कुणी मोजला, कुठे मोजला, हे विचारायची सवय मात्र आपल्याला नाही. ती लागावी, एवढ्यासाठी मी उभा आहे.

गाडीपासून सुरुवात करू, कारण तरुण मंडळी मागे उभी आहेत.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही गाडी २०१७ मध्ये आपल्याकडे आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा आकडा २३० पीएस (पीएस हे एचपीच्या जवळपास तेवढंच माप) आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. अशा गाडीचा हौशी मालक काय करतो? इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवतो, एअर फिल्टर बदलतो, एग्झॉस्ट मोकळा करतो. मग ट्यूनर सांगतो, दोनशे ऐंशी झाले. हे त्याला कसं कळलं? तो म्हणतो, डायनोवर चढवली.

डायनो म्हणजे डायनॅमोमीटर. गाडीची पुढची चाकं, म्हणजे ज्यांना इंजिन फिरवतं ती, जमिनीत बसवलेल्या लोखंडी रोलरवर ठेवतात. गाडी पट्ट्यांनी करकचून बांधतात. समोर मोठा पंखा लावतात, कारण गाडी जागची हलणार नाही आणि रेडिएटरला वारा लागणार नाही. इंजिन पुरतं गरम होऊ देतात. मग बहुधा चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत. दहा-पंधरा सेकंदांत काटा लाल रेषेला टेकतो, पाय उचलला जातो आणि पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक टॉर्कची आणि एक पॉवरची. जाणकार माणूस एका फेरीवर थांबत नाही. तो तीन-चार फेऱ्या घेतो आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहतो. जुळल्या नाहीत तर आकडा सांगत नाही. मी अशा माणसाला ट्यूनर म्हणतो, बाकीच्यांना विक्रेते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डायनो पॉवर मोजतच नाही. तो दोन गोष्टी पकडतो, पीळ म्हणजे टॉर्क किती आणि फेरे म्हणजे आरपीएम किती. काही डायनोंत रोलरला विजेच्या चुंबकाने ब्रेक लावलेला असतो आणि त्या ब्रेकवर येणारा जोर काट्यावर वाचतात. काहींत नुसता जड रोलर असतो. त्याचं वजन आणि घडण ठाऊक असते, म्हणून तो किती लवकर वेग घेतो यावरून पीळ काढता येतो. पॉवर ही त्यानंतरची आकडेमोड. टॉर्कला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॉट मिळतात. साडेचार हजार आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर असेल तर सुमारे १६५ किलोवॉट, म्हणजे २२४ पीएस.

ही कल्पना दोनशे वर्षांची आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांची पकड बसवली, तिला लांब दांडी जोडली आणि दांडीच्या टोकाला वजन टांगून ती तोलली. किती वजनाला दांडी आडवी राहते ते पाहिलं की पीळ कळला. त्याआधी जेम्स वॉटने घोड्याचं माप, म्हणजे आपला एचपी, ठरवलं होतं ते विक्रीसाठी. वाफेचं इंजिन घेणारा गिरणीवाला विचारायचा, माझे किती घोडे वाचतील? वॉटने धरलं की घोडा २४ फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो. गुणाकार ३२,५७२ फूट-पौंड दर मिनिटाला येतो, त्याने सरळ ३३,००० धरले. आपली बैलजोडी दिवसभर औत ओढते तेव्हा तिची ताकद साधारण एका अश्वशक्तीच्या आसपास धरतात. पोळ्याला सजवून आणलेल्या जोडीकडे कधी या नजरेनेही बघा. ती ताकद तासन् तास टिकणारी असते, आणि हाच मुद्दा मला पुढे लागणार आहे.

आता पहिला प्रश्न. ताकद कुठे मोजली? इंजिनाच्या दांड्यावर की चाकावर? क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर यांत ताकद खर्च होते. रोलरवरचा डायनो चाकावर पोचलेलीच ताकद पाहतो. कंपनीचा आकडा मात्र इंजिनाचा असतो. दोहोंची गाठ घालायला ट्यूनर ‘पंधरा टक्के लॉस’ धरून वरचा आकडा काढतो. हे पंधरा टक्के कुठल्याही शास्त्रात कोरलेले नाहीत. गाडीगणिक ते बदलतात, टायरमधल्या हवेने बदलतात, पट्टा किती आवळला त्याने बदलतात. म्हणून चाकावरचा मूळ आकडा मागा, आणि तोही बदल करण्याआधीचा आणि नंतरचा, त्याच डायनोवर, त्याच दिवशी. या दोहोंतला फरक पुष्कळसा खरा असतो. एकटा आकडा काही सांगत नाही.

मोठ्या कंपन्याही यात अडकल्या आहेत. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिन उघडं ठेवून, एअर क्लीनर आणि गाडीचा खरा सायलेन्सर न लावता मोजलेला आकडा जाहिरातीत यायचा. १९७२ पासून सगळा जामानिमा लावून मोजायची पद्धत रूढ झाली. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन कागदावर ३३० वरून २५५ वर आलं. त्यातला मोठा भाग नुसत्या मोजण्याच्या पद्धतीचा होता.

आणि १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा. जाहिरातीत ३२० अश्वशक्ती. मालकांनी आपापल्या गाड्या डायनोवर चढवल्या आणि ताकद कमी भरली. ओरड झाली. फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या, इनटेक मॅनिफोल्ड आणि एग्झॉस्टमध्ये दुरुस्ती करून दिली. पुढे माझ्दाने २००१ च्या मिआटाचा आकडा १५५ वरून १४२ वर आणला आणि ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. ही गॅरेजातल्या रोलरची ताकद आहे. मोजणारा ग्राहक असला की कंपनी बोलते.

दुसरा प्रश्न हवेचा. हा आपल्या गावाला फार जवळचा आहे. इंजिन हवा खातं. हवा तापली की विरळ होते, उंचावर गेलं की आणखी विरळ. म्हणून प्रमाणपत्रासाठी ताकद मोजताना हवेचं एक प्रमाण धरतात. तापमान २५ अंश, कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल. प्रत्यक्ष हवा वेगळी असेल तर सूत्राने दुरुस्ती करतात. आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार घ्या. पारा ४५, आणि पांढुर्णा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच. पेट्रोल इंजिनाचं सूत्र लावलं तर उष्णतेपायी चार टक्के आणि दाबापायी सहा टक्क्यांच्या आसपास, मिळून दहा टक्के दुरुस्ती येते. आंतरराष्ट्रीय मानकात ही दुरुस्ती सात टक्क्यांपलीकडे गेली तर त्या वेळची हवा अहवालात लिहून द्यावी लागते. म्हणजे मे महिन्यात पांढुर्ण्याला भर दुपारी मोजलेला आकडा, त्या वेळच्या हवेची नोंद सोबत असल्याशिवाय, मानकाच्या चौकटीत बसत नाही.

यातली मेख टर्बोच्या गाडीत आहे. टर्बोचा कॉम्प्युटर विरळ हवेची उणीव दाब वाढवून बरीचशी भरून काढतो. ताकद फारशी घटलेली नसते, तरी डायनोचं सॉफ्टवेअर वर दहा टक्के चढवतं. चाकावर २०० मिळालेले कागदावर २२० होतात, आणि गाडीला कुणी हातही लावलेला नसतो! अमेरिकेतलंच जुनं प्रमाण आणि नवं प्रमाण यांत चार टक्क्यांचा फरक आहे, आणि पडद्यावर ते एका बटणाने बदलतं. म्हणून डायनोचा कागद हातात आला की आधी कोपऱ्यात पाहा. तिथे तापमान, दाब आणि दुरुस्तीचं प्रमाण छापलेलं असतं. नसेल तर तो कागद घरी नेऊ नका.

कायद्याचं एक वाक्य बोलतो आणि पुढे जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी ती बंदिस्त ट्रॅकवर भागवावी. आपल्याच मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. छिंदवाडा रोड त्यासाठी नाही. त्या रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या असतात, शाळेची मुलं असतात.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. ताकद किती वेळ टिकली?

गाडीची डायनोवरची फेरी दहा-पंधरा सेकंदांची. तेवढ्यात इंजिन तापत नाही, तेल पातळ होत नाही. आता पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर पाहा. दोन हजार आरपीएमला त्याच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे १६० न्यूटन-मीटर येतो. छोट्या टर्बो कारचाही साधारण तेवढाच असतो, आणि तिचे एचपी दुपटीहून जास्त. तरी ती कार रोटाव्हेटर ओढू शकणार नाही. गिअरचा आणि वजनाचा फरक आहेच, पण मुख्य गोष्ट अशी की ट्रॅक्टरला पूर्ण ताकद सकाळपासून संध्याकाळपर्यंत द्यायची असते.

हे तपासणारी जागा आपल्या रेल्वेमार्गावरच आहे. पांढुर्ण्याहून भोपाळकडे निघालेली गाडी इटारसी, नर्मदापुरम सोडून नर्मदा ओलांडते की पलीकडच्या तीरावर बुदनी लागतं. तिथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण देणारी आणि चाचणी घेणारी संस्था आहे, १९५५ साली सुरू झालेली. देशातल्या कंपन्यांचे ट्रॅक्टर तिथे डायनॅमोमीटरला जोडले जातात. जोडणी पीटीओला होते, म्हणजे मागच्या ज्या दांड्यावर आपण थ्रेशर आणि रोटाव्हेटर लावतो त्याला. बॉनेटवर छापलेला एचपी बहुधा इंजिनाचा असतो, पीटीओवर तो काही एचपींनी कमीच भरतो, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचा आकडा हाच. जास्तीत जास्त ताकदीची चाचणी तिथे दोन तास चालते. इंजिन दोन तास पूर्ण भाराखाली. शिवाय एक चाचणी भोवतालची हवा ४३ अंशांच्या आसपास ठेवून घेतात. ४३ अंश! विदर्भ, निमाड आणि आपला हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी ही अट घातली असणार, असं मला वाटतं. 

शेतकऱ्याला असा अहवाल मिळावा ही मागणी मुळात एका शेतकऱ्याचीच. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने मिनिआपोलिसच्या एका कंपनीचा ‘फोर्ड’ ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी संबंध नव्हता, नाव वापरता यावं म्हणून कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरला होता. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझियर पुढे विधानसभेत निवडून गेला आणि १९१९ मध्ये त्याने कायदा करवून घेतला: राज्यात विकायचा ट्रॅक्टर आधी विद्यापीठात तपासला जाईल, जाहिरातीतला दावा तिथे खरा ठरला पाहिजे. १९२० मध्ये लिंकन शहरात चाचण्या सुरू झाल्या. पहिला उतरला तो वॉटर्लू बॉय. फसलेल्या एका माणसाने नुसती भरपाई मागितली असती तर त्याचेच पैसे परत आले असते. त्याने मोजमाप मागितलं, म्हणून पुढच्या सगळ्या पिढ्यांचे वाचले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता आपल्या कामाचं. बाजारात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांचे बुदनीचे अहवाल प्रसिद्ध होतात. पुढचा ट्रॅक्टर घेताना डीलरकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा. पीटीओवरची दोन तासांची जास्तीत जास्त ताकद पाहा, मग तापलेल्या हवेतली ताकद पाहा, आणि दोहोंत किती घट आहे ते बघा. त्यानंतर डिझेलचा रकाना वाचा. तो ग्रॅम प्रति किलोवॉट-तास असा लिहिलेला असतो. समजा एका ट्रॅक्टरचा आकडा २५० आहे, दुसऱ्याचा २८०. तीस किलोवॉटच्या भारावर पहिला तासाला साडेसात किलो डिझेल जाळेल, दुसरा ८.४ किलो. फरक एका लिटरहून थोडा जास्त. वर्षाला पाचशे तास काम झालं तर साडेपाचशे लिटरच्या आसपास डिझेल. दोन्ही ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर एचपी तेवढाच छापलेला असेल.